भाताविना कोळंबी
डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहून माझा रात्रीचा भात बंद केला. कोळंबी आणि भात नाही, म्हणजे कर्त्यावाचून क्रियापद! तरी परवा बुधवारी कॉलेजातून येताना पाव किलो कोळंबी आणली आणि, वाचकहो, कढई पुन्हा मीच हाती घेतली. काळा दोरा काढला, हळद-मीठ लावले. कडकडीत तेलात ठेचलेला लसूण, त्यावर कोळंबी. तीनेक मिनिटांत गुलाबी होऊन वळली की काढायची. रेंगाळलात तर रबर. (पहिल्या खेपेस चावले आहे.) त्याच कढईत कोबी, ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतली, कोळंबी परत टाकली, वर चमचाभर आगळ. पाने घेतली, तेव्हा कुठे लक्ष गेले : हिच्याही पानात भात नाही.
"तुला कुठे साखर आहे?"
"एकटीसाठी कुकर कोण लावणार?" म्हणाली, आणि मोठाल्या कोळंब्या माझ्याच पानात वाढल्या.