नाव बदलले तरी पत राहावी

व्यापारात पेढीचे नाव हीच पत. जीवशास्त्राच्या संशोधकाची पत शोधनिबंधांवर उभी असते. पण तेथे जैन, शहा, दोशी ही आडनावे असंख्य. त्यातच विवाहानंतर कन्येचे आडनाव बदलले, की तिचे आधीचे निबंध कोणाचे, असा प्रश्न नोकरीच्या वेळी उभा राहतो. यासाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा १६ अंकी ओळखक्रमांक संशोधकांना विनामूल्य मिळतो. जुने-नवे सर्व निबंध त्यास जोडता येतात. आडनाव वा संस्था बदलली तरी क्रमांक तोच राहतो. कन्येस दागिने जरूर द्यावेत. परंतु पहिला निबंध धाडण्यापूर्वी तिने हा क्रमांक घेतला का, हेही पित्याने विचारावे. ज्याची जमा त्याच्याच खाती, हा तर पेढीचाच न्याय आहे.