अंगठी, मासा आणि पोलिस व्हेरिफिकेशन

टिटवाळ्याला राहते असं ऑफिसात सांगितलं की समोरून दोनच प्रश्न येतात. लग्न न झालेले विचारतात, ‘तिथे जाऊन खरंच जमतं का गं?’ आणि झालेले विचारतात, ‘बाप रे, एवढं अप-डाऊन?’ पहिल्याला मी ‘बाप्पाला विचार’ सांगते. दुसऱ्याला उत्तर द्यायला माझ्यात श्वास उरलेला नसतो.

आमचा महागणपती म्हणजे विवाह विनायक. लग्न जमत नसेल तर या, जमलेलं फाटत असेल तरी या. इथे कण्व ऋषींचा आश्रम होता, नवऱ्याने ओळख नाकारलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून गणपतीची उपासना केली आणि नवरा परत मिळाला, अशी आख्यायिका आहे. पुढे देऊळ तळ्यात गडप झालं आणि थोरल्या माधवरावांच्या काळात, दुष्काळात गाळ उपसताना मूर्ती सापडली असं सांगतात. थोडक्यात, तळाशी गेलेलं काहीतरी वर येणं ही आमच्या गावाची मूळ स्टोरी!

हे सगळं आठवायचं कारण ‘वाळवी’. परेश मोकाशींचा हा सिनेमा जानेवारी २०२३मध्ये आला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परवा रविवारी आम्ही तो दुसऱ्यांदा बघितला. नवरा (स्वप्नील जोशी) बायकोला (अनिता दाते) जोडीने आत्महत्या करायला तयार करतो. प्रत्यक्षात मरायचं असतं तिने एकटीने, म्हणजे हा प्रेयसीबरोबर (शिवानी सुर्वे) मोकळा. मध्येच सुबोध भावे उगवतो आणि प्लॅनला कीड लागते. पुढचं सांगत नाही, ज्यांनी बघितला नसेल त्यांचे शाप नकोत. खुनाचं प्लॅनिंग बघताना आपण खो खो हसतो आणि हसताना बाजूच्या माणसाकडे हळूच बघतो, हीच त्यातली गंमत. माझा नवरा चिवडा खात शांतपणे म्हणाला, ‘मला मारायचं झालं तरी एक्सेल शीट तूच करशील.’ खोटं नाही. बजेटची कॉलमसुद्धा टाकीन.

पण एकाच घरात, एकाच चादरीखाली, माहीत नसलेला माणूस! हा जॉनर काही ओटीटीने आणलेला नाही. शकुंतला काय वेगळी आहे?

आपल्याला शाळेत शिकवलेली शकुंतला कालिदासाची. दुर्वासांचा शाप, अंगठी पाण्यात, दुष्यंत सगळं विसरला, बिचाऱ्याचा काय दोष. महाभारतातल्या मूळ कथेत मात्र शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथली शकुंतला लग्नाआधीच अट घालते, माझा मुलगाच युवराज होईल. ती मुलाला घेऊन भर दरबारात येते तेव्हा राजाला सगळं व्यवस्थित आठवत असतं. तरी तो म्हणतो, मी हिला ओळखत नाही. आकाशवाणी झाल्यावर लगेच पलटी. मला माहीतच होतं हो, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता!

लोक काय म्हणतील, हे कारण इतकं जुनं आहे.

कालिदासाने त्याला शाप देऊन सोडवला. मला विचाराल तर आपल्या साहित्यातला हा सगळ्यात देखणा अॅलिबाय. आणि ब्लॅक कॉमेडी म्हणाल तर सहावा अंक वाचाच. माशाच्या पोटात अंगठी सापडलेल्या कोळ्याला पोलिस पकडून नेतात, दमदाटी करतात, एका शिपायाचे हात तर त्याला वधस्तंभावर पाठवायला शिवशिवत असतात. तेवढ्यात राजाकडून बक्षीस येतं. कोळी त्यातलं अर्धं पोलिसांना देतो आणि सगळे दोस्ती करून दारूच्या गुत्त्याकडे निघतात. सिस्टिम अपडेट झालीय का हो?

आता आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीची गोष्ट. तिच्या परवानगीने सांगतेय, नावगाव सोडून. लग्नाला पाच वर्षं, मुलगा साडेतीन वर्षांचा. नवऱ्याला ऑनसाइटची संधी आली म्हणून पासपोर्टचा अर्ज भरला. व्हेरिफिकेशनला आलेल्या हवालदाराने पोहे खाल्ले, ‘वहिनी, मस्त झालेत’ म्हणाला आणि गेला. महिन्याभराने पत्र आलं. तुमच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे, तो अर्जात का लपवलात, खुलासा करा. पत्र हिनेच उघडलं.

खून वगैरे काही नाही. लग्नाआधी तो एका मित्राबरोबर नोकऱ्या लावून देण्याच्या धंद्यात पार्टनर होता. पैसे घेतले, नोकऱ्या लागल्या नाहीत, फसवणुकीची तक्रार झाली, चार्जशीट गेली. तेव्हापासून तारखा चालू आहेत. तारखेच्या दिवशी नवरा ‘क्लायंट मीटिंग’ सांगून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचा. पाच वर्षं तो शर्ट हिनेच इस्त्री केला!

त्याहून भारी म्हणजे सासू, दीर, नणंद, अगदी लग्न जमवणारे काकासुद्धा, सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आधी सांगून कशाला तुझ्या जिवाला घोर लावायचा?’ प्रत्येक घरात असा एक कालिदास असतो. मुलाच्या वाटेत शाप आला म्हणतो आणि मोकळा होतो.

आमच्यातली एक जण वकील आहे. तिने कायदा सांगितला, तो तुम्हीही ऐकून ठेवा. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२. जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. आणि कळल्यानंतरही राजीखुशीने नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलात तर तो हक्क गेला. नेमकी कुठली गोष्ट ‘महत्त्वाची’ हे कोर्ट प्रत्येक केसमध्ये बघतं. लग्न रद्द झालं तरी मूल औरसच राहतं, त्यासाठी कलम १६ आहे. हे सगळं ऐकून ही म्हणाली, ‘म्हणजे पत्र वाचल्यावर संध्याकाळी मी त्याला भेंडीची भाजी वाढली, ती राजीखुशी धरणार का?’ आम्ही हसलो. ती पण हसली. मग रडली.

तिची धाकटी बहीण सध्या स्थळं बघतेय. ती हल्ली पत्रिकेच्या आधी ई-कोर्ट्सची साइट उघडते. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की केस दिसते. त्याच नावाचे दहा जण निघतात, कॅप्चा तीनदा चुकतो, पण बघायला मिळतं. आमच्या आयांच्या वेळी हे काम सोसायटीतला किराणावाला करायचा आणि त्याला उधारीसकट माहिती असायची. ‘एवढा संशय घेऊन कसलं लग्न?’ असं एका काकूंनी विचारलं. पगाराची स्लिप मागताना नाही वाटत तो संशय?

मैत्रिणीला खटल्याचा त्रास नाहीये, ती स्वच्छ सांगते. निर्दोष सुटेल किंवा शिक्षा होईल, ते कोर्ट बघेल. तिला टोचतो तो मुलगा. तो आता ‘बाबा कुठे गेले?’ विचारायच्या वयात आलाय. शाकुंतलाच्या शेवटी दुष्यंताला सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा पोरगा भेटतो. त्याच्या हातातलं ताईत खाली पडतं. आईबाप सोडून दुसऱ्या कुणी उचललं तर त्याचा साप होतो. दुष्यंत उचलतो, काही होत नाही. झाली डीएनए टेस्ट! पण मग पोरगा आईला विचारतो, हा माणूस कोण? शकुंतला त्याला सरळ उत्तर देत नाही, तुझ्या नशिबाला विचार म्हणते. माझ्या मैत्रिणीला साडेतीन वर्षांच्या मुलाला असलं उत्तर द्यायचं नाहीये.

म्हणून तिने अटी घातल्या आहेत, अगदी महाभारतातल्या शकुंतलेसारख्या. त्याने स्वतः तिच्या आईबाबांसमोर बसून सगळं सांगायचं, काकांना पुढे न करता. पासपोर्टचा खुलासा खरा लिहायचा, मग ऑनसाइट गेलं तरी चालेल. आणि यापुढे प्रत्येक तारखेला ती बरोबर जाणार. लग्नात राहायचं की नाही ते ती वर्षाच्या आत ठरवेल, कॅलेंडरवर तारीख तिने लाल पेनने गोल करून ठेवलीय. तोवर तो हॉलमध्ये झोपतो. भेंडी बंद.

पहिली अट गेल्या रविवारी पूर्ण झाली. तिचे बाबा काही बोलले नाहीत, फक्त पंखा वाढवला म्हणे. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. तिने ऑफिसात रजा टाकलीय. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं, विचारलं तर म्हणाली, ‘फॅमिली फंक्शन.’ पांढरा शर्ट मात्र या वेळी तो स्वतः इस्त्री करणार आहे.