शिडी उंच घ्याल हो, पण गाडी पाय कुठे रोवणार?

26 ऑगस्ट 2025. दुसऱ्या दिवशी घराघरात गणपती बसायचे होते. मध्यरात्रीच्या सुमारास विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि 17 माणसं गेली. गल्ली इतकी चिंचोळी की सुरुवातीला जड यंत्रं आत नेताच येईनात. एनडीआरएफच्या जवानांना हातांनी ढिगारा उपसावा लागला.

तेव्हापासून कुठे काही झालं की मागणी ठरलेली: मोठी क्रेन घ्या, उंच शिडीची गाडी घ्या. घ्या की, नको कोण म्हणतंय! पण ट्रकवरची क्रेन काय किंवा अग्निशमनची शिडी काय, चाकांवर उभी राहून काम करत नाही. आधी दोन्ही बाजूंना तिचे लोखंडी पाय बाहेर येतात, तेलाच्या दाबाने जमिनीवर टेकतात आणि अख्खी गाडी पेलतात. मगच बूम वर जातो. मोठ्या गाडीला हे पाय पसरायला पाच-सहा मीटर रुंदी लागते. आपल्या नालासोपारा पूर्वेत कितीतरी गल्ल्यांत रिक्षा वळवायची मारामार!

दुसरं म्हणजे, 50 टनांची क्रेन 50 टन उचलते ते अगदी बुडाशी. भरलेली कळशी छातीशी धरा, मग हात लांब करून धरा, लगेच कळेल. बूम लांब गेला की ताकद झपाट्याने घटते. वीस मीटरवर जेमतेम काही टन. म्हणजे क्रेन नाक्यावर अडली आणि स्लॅब शंभर फूट आत पडला असेल, तर ती नुसती बघायलाच.

जमिनीचं तर विचारूच नका. भराव टाकलेली पाणथळ, वर पेव्हर ब्लॉक, कडेला गटाराची झाकणं. त्यावर पाय टेकला आणि झाकण फुटलं तर गाडीच कलंडायची. म्हणून जाणता ऑपरेटर आधी पायाखाली जाड फळ्या टाकतो, मग वर विजेच्या तारा बघतो. 2016च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये 15 मीटर व त्यावरच्या इमारतींभोवती 45 टनांची अग्निशमन गाडी पेलेल अशी जमीन मागितली आहे. कागदावर सगळं आहे हो.

पथदिवे लावणं, पावसाळ्याआधी फांद्या छाटणं ही कामं छोट्या गाडीवर निभतात. माणसं अडकली की निभत नाही.

माझं म्हणणं इतकंच: निविदा काढण्याआधी महापालिकेने एक गाडी प्रत्येक प्रभागात फिरवून बघावी. कुठे शिरते, कुठे पाय पसरतात, याची यादी जाहीर करावी. जिथे शिरतच नाही, तिथल्या धोकादायक इमारती आधी रिकाम्या कराव्यात आणि लोकांना पर्यायी घर द्यावं. नुसती नोटीस चिकटवून भागणार नाही. आणि आपणही, गल्लीच्या तोंडावर रात्रभर टेम्पो लावणारे, पुढे शेड काढणारे, जरा बघूया.

उद्या टेप घ्या, आपल्या गल्लीची सगळ्यात अरुंद जागा मोजा आणि आकडा खाली कमेंटमध्ये टाका. गल्लीचं नाव आणि प्रभागही लिहा. यादी मी प्रभाग कार्यालयात नेऊन देतो.