मुखपृष्ठे आणि रद्दीचा काटा

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरची जुनी मासिके खाली येतात आणि संध्याकाळपर्यंत रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. त्यात एखाद्या ‘दीपावली’वर दीनानाथ दलालांचे चित्र असते, काट्याला त्याचे काय? अशा ढिगाऱ्यांतून जुने सचित्र अंक वेचून आणणारे काही छांदिष्ट आपल्याकडे आहेत. घरचे त्यांना हसतात. प्रस्तुत लेखकाला मात्र ते आपल्या कित्येक ग्रंथालयांपेक्षा अधिक जबाबदार वाटतात.

विधान कठोर आहे, पण निराधार नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात एका मासिकाचा जुना अंक पाहावयास मागितला. वर्षाचा बांधलेला खंड समोर आला. मजकूर पानापानाने शाबूत. मुखपृष्ठ मात्र एकही नव्हते. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकावयाची, हा अनेक ठिकाणचा प्रघात आहे. मजकूर तेवढा जपण्याजोगा आणि चित्र म्हणजे नुसते वेष्टन, अशी त्यामागची समजूत.

का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909 साली काढला. दलालांची ‘दीपावली’ 1945 सालची. ज्या घरांतील माणसे चित्रप्रदर्शनाची पायरी कधी चढली नाहीत, त्यांना रंगरेषांची ओळख या मुखपृष्ठांनीच करून दिली. वसंत सरवटे यांनी तर ‘ललित’च्या दिवाळी अंकांवर लेखक-प्रकाशकांच्या जगाची मिस्किल हजेरी घेतली; ती चित्रे फाडून उरलेला अंक अपुराच म्हटला पाहिजे. रघुवीर मुळगावकरांच्या नायिका कोणाच्याच शेजारी राहत नसत, हे मान्य. पण शेजारीपाजारी कोणती स्वप्ने पाहत होते, ते त्या सांगतात. सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला एवढा पुरावा थोडा नव्हे.

संग्राहकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. हल्ली मुखपृष्ठ कापून चौकटीत बसवावयाचे आणि उरलेला अंक टाकून द्यावयाचा, अशी एक हौस बोकाळली आहे. बांधणीवाल्याच्या कात्रीहून ती निराळी कशी? चित्राच्या मागचा अंक गेला की साल, किंमत, संपादक, कोणत्या कथेशी चित्राचे नाते होते, सारेच गेले. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणारेही असेच हितशत्रू. काही वर्षांत डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आतील आम्लाने आधीच ठिसूळ होत असतो आणि पिना गंजून कणा खातात. गंजलेली पीन हलक्या हाताने काढून दोऱ्याचा टाका घालणे आणि अंक कोरड्या जागी आडवा ठेवणे, एवढे तरी घरी जमण्यासारखे आहे.

शाळांच्या कपाटांतही असे अंक पडून असतील. निर्लेखनाची यादी करताना चित्रकलेच्या शिक्षकांना ते एकदा दाखवावेत, इतकी विनंती मुख्याध्यापकांना करता येईल.

कठीण प्रश्न पुढेच आहे. संग्राहक वृद्ध होत चालले आहेत, मुलांची घरे लहान आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने उद्या आपला संग्रह विनामूल्य देऊ केला, तर मुखपृष्ठांना हात लावणार नाही, अशी लेखी हमी आपली किती ग्रंथालये देतील?