भर पावसात उन्हाळी?

लघवीला जळजळ झाली की घरात म्हणतात, "उन्हाळी लागली गं, धन्याचं पाणी पी." पण महाड तालुक्यातल्या तळीयेसारख्या गावात जुलैमध्ये पाऊस डोंगर झोडपत असतो, ऊन दिवसेंदिवस दिसत नाही. तिथल्या मुलीला तेव्हा उन्हाळी लागली, तर दोष कोणत्या उन्हाला द्यायचा?

खरा चोर बऱ्याचदा ई. कोलाय नावाचा जंतू असतो. थिओडोर एशरिख या जर्मन डॉक्टरांनी तो १८८५ मध्ये शोधला. आतड्यात तो गुपचूप राहतो. पण शौचाच्या जागेवरून मूत्रमार्गात शिरला, की थेट मूत्राशयात बिऱ्हाड थाटतो. मोठ्या बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, पुरुषाचा कितीतरी लांब. म्हणून मुलींना हा त्रास जास्त. यात लाजायचं काय, आणि मुलांनी हसायचं तरी काय? म्हणूनच शौचानंतर पुढून मागे धुवायचं, उलट नाही.

लघवीची धार जंतूंना बाहेर लोटते. तुंबवून ठेवली, की त्यांना वाढायला सवड मिळते. पावसाळी गारव्यात तहान लागत नाही, पाणी कमी जातं. त्यात शाळेच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही; मग मुलगी घरी जाईपर्यंत दम धरते. बद्धकोष्ठ असेल तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही, तेही एक कारण.

वारंवार लघवी, जळजळ, ओटीपोटात दुखणं, कधी रक्त. मोठी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागणं, ही लक्षणं ओळखा. तान्ह्या बाळाला कधी कधी नुसता तापच येतो. थंडी वाजून ताप, उलट्या, कंबरेच्या वर दुखणं असेल तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असतील. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा! उशीर झाला, तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात.

डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. सुरुवातीची धार सोडून मधली, स्वच्छ बाटलीत धरायची. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. गोळ्या सांगितले तितके दिवस घ्यायच्या. जळजळ थांबली म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. धन्याचं पाणी खुशाल प्या, पण गोळ्यांऐवजी नव्हे.

२२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली. त्यानंतर तिथली कुटुंबं कंटेनरच्या घरांत राहिली. अशा संकटात अन्न, कपडे लवकर पोचतात; बायामुलींच्या संडासाचा विचार बहुधा मागून होतो. एरवी तरी कुठे होतो म्हणा! बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या हव्यात म्हणून मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह सहा महिन्यांत हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बजावलं होतं.

आईबाबांनो, पुढच्या पालकसभेला मार्क विचारण्याआधी त्या स्वच्छतागृहाची कडी लागते का, ते एकदा स्वतः पाहून या.