शिड्या लागल्या, पण...

दिवाळीला सारोळ्यास गेलो. पुतण्याने यंदा मातीच्या किल्ल्याऐवजी ओसरीवर पुठ्ठ्याचा जंजिरा मांडला होता : षट्कोनी घरे, होड्यांच्या सोंगट्या, एक फासा. "काका, तुम्ही मोरोपंत. मी लाय पाटील. तीन दानांत रात्र संपणार!"

१६७६ च्या वेढ्यातली ही गोष्ट सांगतात. लाय पाटलाने कोळ्यांसह रातोरात होड्यांतून जाऊन सिद्दीच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंत पिंगळ्यांचे हशम उजाडेपर्यंत पोहोचलेच नाहीत. पाटील शिड्या काढून परतला. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. पण दर्यावर्दी माणूस तिचे काय करणार? म्हणून 'पालखी' नावाचे गलबत दिले.

पोराच्या शिड्या पहिल्याच दानाला लागल्या. मला मात्र हवे ते दान पडेना.

"उजाडलं, काका!" त्याने शिड्या उचलल्या.

मी हसलो, पण शेजारी धाकटा भाऊ बसला होता. गेल्या वर्षी पावसाळ्यात वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा 'पेपर तपासून येतो' असे मी त्याला कळवले होते. पोहोचलो तेव्हा सारे संपले होते. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही.

आता त्याने फासा माझ्या हाती दिला.

"पुन्हा मांड रे," तो पोराला म्हणाला. "या वेळी दादाला जरा लवकर निघू दे."