चर्च लहान पडले म्हणून, की गुडघे टेकू दिले नाहीत म्हणून?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका हुशार पोराने मला एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक माजी पाद्री त्यात बोलत होता. वर्षानुवर्षे चर्चमध्ये प्रवचने दिली, पण आता पंथ अपुरा वाटू लागला, म्हणून पद सोडले आणि मौन, ध्यान, निसर्ग यांतून नवी वाट शोधतो आहे, असा त्याचा सूर. खाली पोराने लिहिले होते, "दादा, हेच खरं. वंदना, विहार, जयंती, बावीस प्रतिज्ञा, ह्या सगळ्या शेवटी चौकटीच. माणसाने चौकटीच्या पलीकडे जायला पाहिजे."

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हा एकट्या पोराचा प्रश्न नाही. नोकरी लागलेल्या, शहरात फ्लॅट घेतलेल्या आपल्या बऱ्याच तरुणांच्या मनात तो आहे. "धर्म नको, अध्यात्म हवे" हे वाक्य आता आपल्या घरांतही ऐकू येते. म्हणून त्याला जे सांगायचे ते सर्वांसमोर सांगतो.

पंथ सोडणाऱ्या पाद्र्यांची गोष्ट नवी नाही. अमेरिकेत ती दोनशे वर्षे जुनी आहे आणि तिच्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसे आहेत. आपल्यापर्यंत येताना मात्र एकाच प्रकारची माणसे येतात.

पहिला प्रकार राल्फ वाल्डो इमर्सनचा. बोस्टनच्या सेकंड चर्चचा हा तरुण पाद्री. प्रभुभोजनाचा भाकरी-द्राक्षारसाचा विधी त्याच्या बुद्धीला पटेना. मंडळी विधी सोडायला तयार नव्हती, म्हणून 1832 मध्ये त्याने पद सोडले. 1838 मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे त्याने भाषण केले. माणसाचा आत्मा थेट ईश्वराला भेटू शकतो, मध्ये चर्चची गरज नाही, असा त्याचा आशय. त्यावर इतका गदारोळ झाला की सुमारे तीस वर्षे हार्वर्डने त्याला पुन्हा बोलावले नाही. हे धाडस होते, मी नाकारत नाही. पुरोहिताची मध्यस्थी नाकारणारा माणूस आपल्याला परका कसा असेल?

पण दोन गोष्टी विचारायला हव्यात. पहिली, पद सोडल्यावर त्याचे घर कशावर चालले? त्याची पहिली पत्नी 1831 मध्ये वारली आणि पुढे तिच्या वारशातला वाटा त्याला मिळाला. व्याख्याने, लेखन आणि हा वारसा यांवर तो उभा राहिला. यात पाप नाही. पण ज्याच्या पायाखाली जमीन आहे तोच "मी पंथाच्या पलीकडे गेलो" असे निवांत म्हणू शकतो. दुसरी गोष्ट, पलीकडे जाऊन तो कुठे पोहोचला? 1845 मध्ये त्याने भगवद्गीता वाचली आणि तो भारावून गेला. चारही वर्ण मीच निर्माण केले असे ज्या ग्रंथात कृष्ण सांगतो आणि आपापले कर्म सोडू नकोस असे बजावतो, त्यात ह्या चर्चमुक्त माणसाला विश्वात्मा दिसला. वर्ण दिसले नाहीत. ज्याने भाकरी आणि द्राक्षारसाची इतकी कडक चिकित्सा केली, त्याने चातुर्वर्ण्याची केली नाही.

इमर्सनवर अन्याय नको. 1844 पासून तो गुलामगिरीविरुद्ध उघड बोलू लागला. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या ताब्यात देणारा कायदा 1850 मध्ये झाला, तेव्हा तर त्याचा शब्द फार धारदार झाला. पण पद सोडल्यानंतर तिथवर यायला त्याला बारा वर्षे लागली. आतला प्रकाश सापडला की बाहेरचा अन्याय आपोआप दिसतो, हा समज त्याच्याच आयुष्याने खोटा ठरवला.

त्याच शहरात थिओडोर पार्कर होता. 1841 मध्ये त्याने प्रवचनात सांगितले की ख्रिस्ती धर्मातले सिद्धांत आणि विधी काळाबरोबर बदलतात, टिकते ती नीती आणि प्रेम. बोस्टनच्या बहुतेक पाद्र्यांनी त्याला आपल्या व्यासपीठावर उभे करणे बंद केले. तो सभागृहात प्रवचने देऊ लागला आणि हजारो लोक येऊ लागले. इथवर गोष्ट इमर्सनसारखीच. फरक पुढे आहे.

विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जोडपे 1848 मध्ये जॉर्जियातून पळून आले होते. गोऱ्या रंगाच्या एलनने गोऱ्या मालकाचा पुरुषवेश घेतला होता आणि नवरा तिचा नोकर बनला होता. 1850 चा कायदा होताच त्यांना धरायला माणसे बोस्टनला आली. पार्करने एलनला आपल्या घरात लपवले आणि पिस्तूल हाताशी ठेवून तो प्रवचने लिहीत बसला. दोघांना इंग्लंडला पाठवण्याआधी त्याने त्यांचे रीतसर लग्न लावले आणि विल्यमच्या हाती बायबल आणि तलवार दिली. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांतून पार्करही पूर्ण सुटला नव्हता. तरी त्याच्या नव्या धर्माचे माप घ्यायला त्याच्या घराचा दरवाजा पुरेसा आहे. तो कोणासाठी उघडला, ते बघा.

आता दुसरा प्रकार. व्हिडिओत हा माणूस येत नाही.

रिचर्ड अ‍ॅलन 1760 मध्ये गुलाम म्हणून जन्मला. स्वतःचे स्वातंत्र्य त्याने पैसे भरून विकत घेतले आणि तो मेथडिस्ट उपदेशक झाला. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तो प्रवचन देई. त्याच्या प्रवचनांमुळे कृष्णवर्णीय लोक वाढले, तसे गोऱ्या विश्वस्तांनी त्यांना बाजूला, मग वरच्या सज्जात बसवायला सुरुवात केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका रविवारी, प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकून बसलेल्या अ‍ॅब्सलम जोन्सला विश्वस्तांनी ओढून उठवले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच तो म्हणत होता. तेही ऐकले नाही. प्रार्थना संपली आणि सगळे कृष्णवर्णीय एकत्र उठून बाहेर पडले.

1794 मध्ये अ‍ॅलनने बेथेल चर्च उभे केले, लोहाराच्या जुन्या दुकानात. गोऱ्या मेथडिस्टांनी त्या इमारतीवरही हक्क सांगितला. वाद कोर्टात गेला, बेथेलच्या लोकांनी तो जिंकला आणि 1816 मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ जन्माला आला. अ‍ॅलन त्याचा पहिला बिशप.

अ‍ॅलनला चर्च लहान पडले नव्हते. त्याला तिथे गुडघे टेकू दिले नव्हते. इमर्सन बाहेर पडला आणि एकटा, मोकळा झाला. अ‍ॅलन सगळ्यांना घेऊन बाहेर पडला आणि त्याने संस्था बांधली: घर, नियम, हिशेब, सभासद, स्वतःचा बिशप. ज्याला आयुष्यभर बाहेर ठेवले, त्याला चौकटीचा कंटाळा येत नाही. त्याला अशी चौकट हवी असते जिच्या दाराची किल्ली त्याच्याच हाती असेल.

महात्मा फुल्यांना अमेरिकेतली ही लढाई नीट कळली होती. 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. विश्वात्म्याच्या शोधकांना नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. चित्पावन ब्राह्मण घरातला हा कवी 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाद्री झाला. मिशनचा ख्रिस्त त्याला परदेशी कपड्यांतला वाटू लागला. 1917 मध्ये त्याने मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, तो वारला.

टिळकांचा प्रामाणिकपणा मी मानतो. पण नगर जिल्ह्यात ज्या मंडळींच्या बळावर मिशन उभे होते ती बहुतांशी महार आणि मांग कुटुंबे होती. त्यांच्यासाठी मिशन म्हणजे शाळा, बोर्डिंग, दवाखाना, शिक्षकाची नोकरी. कवीला ख्रिस्त अभंगात हवा होता. ह्या लोकांना तो सार्वजनिक विहिरीवर सोबत हवा होता. मिशन अपुरे पडते हे टिळकांना दिसले. पण गावकुसाबाहेरच्या ख्रिस्ती माणसाला ते कुठे अपुरे पडते, हा त्यांच्या दरबाराचा मुख्य प्रश्न झाला नाही.

आता बाबासाहेबांकडे या. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षे त्यांना स्वतःच्या मनःशांतीसाठी लागली का? हवे असते तर ते दुसऱ्याच दिवशी एकटे बौद्ध होऊ शकले असते. पण त्यांना लाखो लोकांसह बाहेर पडायचे होते. आणि त्या दिवशी काय झाले ते नीट बघा. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली, आणि मग चीवर न घातलेल्या ह्या माणसाने स्वतः लाखोंना दीक्षा दिली. पुरोहितशाही त्यांनीही ओलांडली, पण तिच्या जागी रिकामे आकाश ठेवले नाही. बावीस प्रतिज्ञा ठेवल्या.

आपल्या भिक्खूंनाही त्यांनी सोडले नाही. 1950 च्या महाबोधीतल्या लेखात त्यांनी संघावर कठोर टीका केली: बहुतेक भिक्खू ध्यानात नाही तर आळसात वेळ घालवतात, त्यांच्याकडे विद्याही नाही आणि सेवाही नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथातही ते विचारतात की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक? पहिला असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असे त्यांचे उत्तर आहे. त्याच ग्रंथात ते सांगतात की जगात माणूस एकटा असता तर धम्माची गरज पडली नसती. दोन माणसे आली की धम्म आला.

म्हणून त्या पोराला माझे उत्तर असे.

विहारात राजकारण आहे, खरे आहे. काही भन्तेजी दानपेटीपलीकडे बघत नाहीत, हेही खरे. जयंतीच्या डीजेवर खर्च होतो आणि अभ्यासिकेला पंखा नसतो, हे तर आपण रोज बघतो. यावर भांड, लिही, कमिटीला हिशेब माग. ध्यान कर, जरूर कर. जातीने मनावर केलेल्या जखमा खऱ्या असतात आणि त्यांना औषध लागते. कोणी शांत बसायला शिकवत असेल तर शीक.

पण कोणतीही नवी वाट धरण्याआधी तिला तीन प्रश्न विचार. इथे माझ्या शेजारी कोण बसते? फी भरू शकणारेच, की झाडूवाली मावशीही? इथल्या गुरूला जाब विचारता येतो का, की सगळा हिशेब त्याच्या मौनात बुडतो? आणि उद्या शेजारच्या गावात अत्याचार झाला, तर इथली माणसे फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात येतील, की मला "साक्षीभाव ठेव" म्हणतील?

तीनही उत्तरे बरोबर आली तर खुशाल जा, आणि मलाही घेऊन जा. नाही आली, तर समज की ती वाट इमर्सनसारख्यांसाठी आहे, ज्यांना बाहेर पडल्यावर बसायला स्वतःचे घर होते. आपले घर अजून बांधून व्हायचे आहे. विहाराची कमिटी दर रविवारी सकाळी बसते. ये, आणि पहिला प्रश्न पंख्याचा विचार.

जय भीम. नमो बुद्धाय.